घड्याळानं माझा पगार कापला

ऑगस्टमधल्या एका रविवारी सिंहगड चढून पुणे दरवाज्यापाशी पोचले, मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि वाटलं, भिजून बिघडलं हे! ३८४? जानेवारीत याच आतकरवाडीच्या वाटेनं याच दरवाज्यापर्यंत आले होते तेव्हा त्यानं ६१० कॅलरी दाखवल्या होत्या. आणि वेळ दोन्ही वेळा एक तास चाळीस मिनिटं. जानेवारीत तेवढा लागला, कारण दर वळणावर मी बसायला दगड शोधत होते. या खेपेला लागला, कारण नागपूरहून आलेली मामेबहीण दर वळणावर दगड शोधत होती आणि मी तिच्याशेजारी उभी राहून धुक्याचे फोटो काढत होते. वाट तीच, वेळ तोच, गडही होता तिथेच. मग माझ्या सव्वादोनशे कॅलरी गेल्या कुठे?

मी सत्तावीस वर्षं हिशेब लिहिते आहे. एका सीएंच्या ऑफिसात बसून लोकांच्या खतावण्या जुळवते. त्यामुळे हे किती लागलं ते माझ्यासारखीलाच कळेल. सात महिने, आठवड्यातले पाच दिवस, पहाटे साडेपाचला उठून चालायचं, मग थोडं पळायचं, मग थोडं जास्त पळायचं, आणि शेवटी पगारपत्रक हातात पडावं तर त्यात सदतीस टक्के कपात! बहीण म्हणाली, "तुला काय करायचंय, भजी घे." घेतली. पण चव कळली नाही.

घरी येऊन ओले बूट काढायच्या आधी भाचीला फोन लावला. ती फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझ्या या सगळ्या उद्योगाची मूळ चिथावणी तिचीच. (आमच्या हिंगण्याच्या सोसायटीत लिफ्ट तीन आठवडे बंद होती, चौथ्या मजल्यावर चढून आले की मला दाराला धरून उभं राहावं लागायचं, ते तिनं एकदा पाहिलं होतं. तेवढंच पुरलं.) मी तणतणत आकडे सांगितले. पलीकडून हसू ऐकू आलं.

"अगं मावशी, अभिनंदन!"

"कपात झालीय आणि अभिनंदन कसलं करतेस?"

"तुझं घड्याळ कॅलरी मोजतच नाही गं. ते ठोके मोजतं. कॅलरी हा त्याचा अंदाज."

या एका वाक्यानं माझे पुढचे तीन आठवडे खाऊन टाकले. मी रात्री अकराला जुन्या व्हाउचरांच्या पाठीवर गणितं करत होते. नवऱ्यानं दोनदा विचारलं, ऑडिट आलंय का? आलंच होतं की! सत्तेचाळीस वर्षं जी पेढी चालवतेय तिची वही मी आयुष्यात पहिल्यांदा उघडून बघत होते.

पहिलं पान उघडलं आणि तिथेच थांबले. शरीराचा सगळा व्यवहार प्राणवायूत चालतो. अन्न जाळायला प्राणवायू लागतो, आणि एक लिटर प्राणवायू वापरला की साधारण पाच कॅलरी खर्ची पडल्या. (आपण कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी, पण बाजारात तेच नाव रूढ आहे, मीही तेच वापरते.) एक लिटर, पाच कॅलरी. इतका सरळ विनिमय दर, आणि तो मला आजवर कुणी सांगितला नव्हता! १७८२-८३च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एका गिनीपिगला बर्फ भरलेल्या भांड्यात ठेवून त्याच्या अंगच्या उबेनं किती बर्फ वितळतो ते मोजलं होतं, आणि श्वास घेणं म्हणजे हळू चाललेलं ज्वलनच आहे असं सांगितलं होतं. म्हणजे मी गडावर धापा टाकते तेव्हा चुलीवर फुंकणीच मारत असते.

आता घड्याळाचं काम बघा. त्याला प्राणवायू दिसत नाही. पाठीमागे हिरवा दिवा लावून ते मनगटातलं रक्त किती वेळा उसळलं तेवढं बघतं आणि त्यावरून ताडतं, की ठोके जास्त म्हणजे काम जास्त, म्हणजे कॅलरी जास्त. जानेवारीत चढताना माझे ठोके सरासरी १५८ होते. ऑगस्टमध्ये त्याच वाटेवर १३६. गड चढायला लागणारा प्राणवायू जवळपास तोच, तो पोचवायला लागणारं रक्तही तेवढंच. पण जानेवारीतलं माझं हृदय ते रक्त चहाच्या कपानं उपसत होतं, आता तांब्यानं उपसतंय. (भाची म्हणते, तांब्या फार होतो, मोठा कप म्हण. बरं, मोठा कप.) एका ठोक्यात जास्त रक्त पुढे जातं म्हणून ठोके कमी लागतात. घड्याळाला वाटलं, बाईनं काम कमी केलं.

आणि हे फक्त गडावर नाही! स्वस्थ बसलेली असताना माझे ठोके मिनिटाला ८२ होते, आता ६६ आहेत. सोळाचा फरक. दिवसाची मिनिटं १,४४०. गुणाकार करा: २३,०४०. रोज तेवीस हजार ठोके वाचतात! तो आकडा व्हाउचरवर लिहिला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी नवऱ्याला उठवून तो वाचून दाखवला. तो कूस बदलून म्हणाला, "मुदत ठेवीत टाक."

पण मला घड्याळाचा अंदाज नको होता, खरा आकडा हवा होता. तेव्हा नववीतलं भौतिकशास्त्र कुठूनसं वर आलं. वजन गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले उंची. जानेवारीत मी ७८ किलोंची होते. आतकरवाडीपासूनचा चढ सुमारे ६०० मीटर. म्हणजे ७८ गुणिले ९.८ गुणिले ६००, आले ४,५८,६४० ज्यूल. त्याला ४,१८४ नं भागलं की ११० कॅलरी. एवढंच? सिंहगडावर एक अख्खी बाई उचलून ठेवायला एका पोळीइतकी ताकद? मी चाट पडले. मग भाचीनं पुढचं सांगितलं. स्नायू जेवढं जाळतात त्यातलं फार तर पाव कामाला लागतं, बाकीच्याची उष्णता होते. म्हणून तर पुण्याच्या थंडीतही सदरा भिजतो. तेव्हा ११० चे चौपट करा, ४४०. आता माझं वजन ७५ आहे, त्या हिशेबानं ४२२. वजन उतरल्यामुळे खरी बचत झाली ती सतरा-अठरा कॅलरींची. यात आडवं चालणं आणि बसल्या जागी लागतो तो खर्च मिळवला तर जानेवारीतला ६१० फुगवलेला होता आणि ऑगस्टमधला ३८४ दाबलेला. पगार कापला गेलाच नव्हता! पत्रकच दोन्ही वेळा चुकीचं छापलं होतं.

म्हणून मी आनंदानं नाचत होते, आणि नाचता नाचता एकदम लक्षात आलं की यात एक वाईट बातमीही आहे. माझी समजूत अशी होती की तंदुरुस्त माणसाची भट्टी सतत धगधगत असते, तो नुसता बसला तरी जाळत असतो. जिममधली पोरं छातीठोकपणे हेच सांगतात. आकडे काही वेगळंच म्हणतात. एक किलो स्नायू निवांत असताना दिवसाला साधारण तेरा कॅलरी घेतो. तेरा! सात महिन्यांत मी फार तर एखादा किलो स्नायू कमावला असेन, म्हणजे पोळीचा एक तुकडा मोडला की तो नफा संपला. झोपल्याजागी जो मोठा खर्च चालतो तो मेंदू, यकृत, हृदय आणि मूत्रपिंडं यांचा. वजनाच्या पाच-सहा टक्के असलेली ही मंडळी निम्म्याहून जास्त बिल करतात. घरातले कमावते कोण आणि खाणारे कोण, हे इथेही दिसतं तसं नसतं. सूत्रानं काढलेला माझा हा पायाभूत खर्च १,३७० होता, आणि वजन उतरल्यावर तो तीसेक कॅलरींनी कमीच झाला.

यावरून आठवलं, चाळिशीनंतर चयापचय मंदावतं हे वाक्य मी स्वतः किती लग्नांच्या पंगतीत ऐकवलं असेल! २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात सहा हजार चारशेंहून जास्त लोकांच्या मोजण्या एकत्र छापल्या गेल्या, आठ दिवसांच्या बाळापासून पंचाण्णव वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत. शरीराचा आकार लक्षात घेतला तर विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत खर्चाची रेघ जवळजवळ सपाट. माझी सबब त्यांनी जागतिक पातळीवर फेटाळली.

मग सात महिन्यांत नेमकं बदललं काय? इथे मला ए. व्ही. हिल भेटले. हे इंग्रज शास्त्रज्ञ, १९२२चं नोबेल मिळालेले. १९२३च्या सुमारास ते मँचेस्टरमध्ये गवतावर गोल गोल पळत होते, पाठीवर भली मोठी हवेची पिशवी, तोंडात नळी, सोडलेला श्वास सगळा पिशवीत. वय सदतीस! नोबेल घेतलेला माणूस स्वतःवरच प्रयोग करत धापा टाकत पळतोय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्यांना दिसलं की वेग वाढवत नेला तसा प्राणवायूचा वापर वाढत जातो आणि एका टप्प्यावर अडतो. त्याच्यावर जातच नाही. प्रत्येकाची एक कमाल मर्यादा असते. एका किलोमागे मिनिटाला किती मिलिलिटर, असा तो आकडा सांगतात.

माझा आकडा काय? त्याला प्रयोगशाळा लागते, पण केनेथ कूपर या अमेरिकन डॉक्टरनं १९६८ मध्ये एक गरिबाघरची चाचणी दिली आहे. बारा मिनिटांत जास्तीत जास्त किती अंतर जाता ते मोजायचं, त्यातून ५०४.९ वजा करायचे आणि ४४.७३ नं भागायचं. फेब्रुवारीत शाळेच्या मैदानावर भाचीनं शिट्टी वाजवून मला १,५०० मीटर पळवलं होतं. 'पळवलं' हा शब्द उदार आहे. तेव्हा त्याचं पुढे काय करतात मला माहीत नव्हतं. आता वही काढली: आकडा येतो २२. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी पुन्हा गेले. १,७५० मीटर. आकडा २८, किंचित कमी. यात सरावाचाही भाग असणार, दुसऱ्यांदा देताना माणूस पेपर ओळखतो. पण तरी!

या २२ चे २८ झाले म्हणजे कॅलरींत काय झालं? तेव्हा माझी कमाल होती मिनिटाला साडेआठच्या आसपास. आता साडेदहाच्या जवळ. कमालीवर कुणी काही मिनिटांच्या वर टिकत नाही, सहज निभेल असा वेग म्हणजे तिच्या साठ टक्के. चाळीस मिनिटांत पूर्वी २०५ खर्च व्हायच्या, आता २५०. फरक पंचेचाळीसचा. अर्धी पोळी. पहाटे साडेपाचला उठून, सात महिन्यांनी, अर्धी पोळी! मी पेन खाली ठेवलं आणि उठून पाणी प्यायले.

आणि पाणी पिताना, खरंच सांगते, माठापाशी उभी असताना डोक्यात लखकन उजेड पडला.

मी त्या दिवशी संध्याकाळी कोथिंबिरीसाठी खाली गेले होते. जिना उतरून, जिना चढून. वर आल्यावर लक्षात आलं की लिंबं राहिली. पुन्हा गेले. लिफ्ट चालू होती. मला ती आठवलीच नव्हती!

जिना सावकाश चढायला किलोमागे मिनिटाला साधारण चौदा मिलिलिटर प्राणवायू लागतो. तो जानेवारीतही चौदाच होता. पण बावीसमधले चौदा म्हणजे माझ्या सगळ्या ऐपतीतले चौसष्ट टक्के. अठ्ठावीसमधले चौदा म्हणजे निम्मे. जिन्याचा भाव वाढला नाही, उतरला नाही, पगार वाढला. महिन्याला आठ हजार मिळत होते तेव्हा मी मंडईत भेंडी उचलून परत ठेवायचे, आणि नंतर कधीतरी, नक्की कोणत्या वर्षी ते सांगता येत नाही, भाव न विचारता पिशवीत टाकायला लागले. तसंच हे. शरीर आतल्या आत प्रत्येक हालचालीचा भाव विचारत असतं. माळ्यावरची पाटी आत्ता काढू की रविवारी? एक स्टॉप अलीकडे उतरू? फोनवर बोलताना बसू की फेऱ्या मारू? परवडत नाही असं वाटलं की आपण 'कंटाळा आला' म्हणतो. कंटाळा! चाळीस वर्षं मी ज्याला स्वभाव समजत होते ती तंगी होती.

मी कपाटातली जानेवारीची नोंद काढली. घड्याळ कॅलरींत चुकतं, पण पावलं त्यातल्या त्यात बरी मोजतं. व्यायामाची वेळ सोडून उरलेल्या दिवसात मी तेव्हा ३,१०० पावलं टाकत होते. आता ७,९००. कुणीही मला ती टाकायला सांगितली नव्हती. ती ४,८०० जास्तीची पावलं म्हणजे तीन किलोमीटरच्या थोडं वर, आणि चालण्याचा निव्वळ खर्च किलो वजनामागे किलोमीटरला अर्धी कॅलरी धरला तर १२० कॅलरी. रोज! पहाटेच्या घामानं अर्धी पोळी वाढवली आणि कोथिंबीर-लिंबानं सव्वा पोळी. ऑफिसात आम्ही ज्याला किरकोळ खर्च म्हणतो, ज्याच्या पावत्या कुणी नीट लावत नाही, तोच खर्च सगळ्यांत मोठा निघाला.

या किरकोळ खर्चावर एक अप्रतिम प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये जेम्स लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा जणांना आठ आठवडे गरजेपेक्षा रोज हजार कॅलरी जास्त खाऊ घातल्या. व्यायाम करायची परवानगी नाही. १९९९ मध्ये निष्कर्ष छापले. कुणाच्या अंगावर सव्वाचार किलो चरबी चढली, आणि कुणाच्या? तीनशे साठ ग्रॅम! तेवढंच खाऊन. फरक पडला तो चुळबुळीचा. उठणं, बसणं, उगाच इकडून तिकडे जाणं. ज्यांची चुळबूळ आपोआप वाढली त्यांनी हजारातलं बरंचसं उधळून टाकलं. माझी आई घरात एका जागी कधी बसली नाही. जेवताना चारदा उठायची, आणि आम्ही तिला ओरडायचो, "अगं बस ना जरा!" लेव्हिनसाहेबांनी तिला बघितलं असतं तर बरं झालं असतं.

एक गोष्ट सांगायची राहिलीच. तेच बिल आता दुसऱ्या खात्यातून भरलं जातं. सेंट लुईसच्या जॉन होलोझींनी १९६७ मध्ये उंदरांना पट्ट्यावर पळवलं, काही आठवडे, आणि मग त्यांचे स्नायू तपासले. पेशींच्या आत ज्या तंतुकणिका असतात, जिथे प्रत्यक्ष ज्वलन होतं, त्यांची क्षमता जवळपास दुप्पट झाली होती. अशा स्नायूला त्याच वेगाला चरबी जास्त आणि साखर कमी लागते. म्हणजे गड चढायचे ४२२ ते ४२२च, पण पूर्वी मी ते पाकिटातल्या रोख पैशांतून देत होते आणि अर्ध्या वाटेत पाकीट रिकामं व्हायचं. आता जुन्या ठेवीतून देते. ठेवींची मला ददात नाही. यावरून कुणी 'चरबी जाळणारा चहा' विकायला आलं तर त्याला माझ्याकडे पाठवा, मी त्याचं ऑडिट करते.

इथवर आले आणि वाटलं, आता ताळेबंद मांडू. मांडला, आणि जुळेना.

आठवड्याचे पाच दिवस चाळीस मिनिटं. त्यातला बसल्या जागी झालाच असता तो खर्च वजा केला आणि सात दिवसांवर वाटला, तर रोजचे १५१. अधिक किरकोळ १२०. एकूण २७१. भाचीला अभिमानानं दाखवलं. ती म्हणाली, "मावशी, टीडीएस कापला नाहीस."

टीडीएस! शरीर टीडीएस कापतं! ही गोष्ट हर्मन पाँट्झर या मानववंशशास्त्रज्ञानं टांझानियात पाहिली. तिथले हाद्झा लोक अजून शिकार करून, कंद खणून जगतात. पुरुष दिवसाला अकरा किलोमीटर चालतात, बायका सहाच्या आसपास. त्यांना जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन घातलेलं पाणी प्यायला दिलं, पुढचे काही दिवस लघवीचे नमुने घेतले, आणि त्यावरून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, म्हणजे एकूण किती जळलं, ते काढलं. २०१२ मध्ये निकाल छापला. शरीराचा आकार धरला तर हाद्झांचा दिवसाचा खर्च अमेरिकेतल्या खुर्चीवर बसणाऱ्यांइतकाच! पाँट्झर यांचं म्हणणं असं, की हालचालीवर खर्च वाढला की शरीर दुसऱ्या खात्यांना कात्री लावतं. उगाचचा दाह, ताणाला येणारी धडधड, असल्या अनाठायी खर्चांना. मला तर ही बातमी वाईट वाटलीच नाही. आमच्या ऑफिसात एखादी फर्म खऱ्या धंद्यात गुंतली की तिची कोर्टकज्जांवरची उधळपट्टी थांबते, हे मी कितीदा बघितलंय.

कपात किती? २०२१ मध्ये १,७५४ प्रौढांच्या मोजण्यांवरून सरासरी काढली गेली: शंभर जास्त खर्च केलेत तर अठ्ठावीस शरीर इतरत्र वाचवतं. अठ्ठावीस टक्के! मी फोनवर ओरडलेच. जीएसटीचा जुना वरचा दर!

तेव्हा २७१ वजा २८ टक्के, हातात १९५. सात महिन्यांत तीन किलो उतरले. किलोमागे ७,७०० धरल्या तर २३,१००, रोजचे १०९. १९५ आणि १०९. तफावत ८६. सगळे आकडे मोठ्या मनानं गोल केलेले आहेत हे मला ठाऊक आहे, पण तफावत कुठे गेली तेही ठाऊक आहे. तेल ग्रॅमला नऊ कॅलरी. दोन चहाचे चमचे तेल म्हणजे नव्वद. गडावरच्या भज्यांची एक ताटली आठवा. खातं बंद.

तरी एक शंका होतीच. जास्त हालचाल म्हणजे भूक जास्त, मग सगळं मुसळ केरात का नाही गेलं? याचं उत्तर चक्क आपल्याकडचं मिळालं. १९५६ मध्ये झाँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या एका ताग गिरणीतल्या २१३ पुरुषांची पाहणी केली. गाठोडी वाहणारे हमाल खूप खात होते आणि सडपातळ होते, ते ठीकच. मधले कामगार बेतानं काम, बेतानं खाणं. पण सगळ्यांत बैठ्या लोकांचं, म्हणजे दुकानात बसणारे आणि कारकून, यांचं खाणं मात्र कमी होण्याऐवजी पुन्हा वर गेलेलं, आणि वजनही. हालचाल एका मर्यादेखाली गेली की भुकेचा काटाच बिघडतो. कारकून! माझीच जमात! चार वाजता ऑफिसात बिस्किटाचा पुडा कोण फोडतं ते मला विचारा. आणि गेले तीन महिने तो पुडा माझ्या खणात तसाच पडून मऊ पडलाय, हे मी दोन दिवसांपूर्वी पाहिलं. मी काही सोडलं नव्हतं. विसरले होते.

परवाच्या रविवारी पुन्हा गडावर गेले. या वेळी एकटी. पहाटेची बस, पायथ्याशी अजून अंधार, दगड ओले. घड्याळावर कॅलरींचा रकाना बंद करून ठेवला होता, फक्त वेळ. अर्ध्या वाटेवर मागून चपलांचा आवाज आला. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत दह्याची मडकी फडक्यानं बांधलेली. बाई साठीच्या पुढची असावी. एका हातानं पाटी धरलेली, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर कुणाशी तरी नातवाच्या शाळेचं चाललेलं. धाप नाही. वाक्य कुठे तुटत नाही. मला ओलांडताना तिनं फोन जरा बाजूला केला.

"थांबू नका ताई. थांबलं की पाय भरत्यात."

मी तिच्यामागे जायचा प्रयत्न केला. दोन वळणं टिकले. जानेवारीत एकही टिकले नसते.

वर पोचले तेव्हा ती दरवाज्याच्या आत फडकं पसरून बसली होती. मी घड्याळ बघितलं आणि राहवेना म्हणून तिलाच सांगितलं, "बासष्ट मिनिटं! पहिल्यांदाच."

"लई भारी," ती म्हणाली आणि मडक्यात साखर घालून चमचा खोचला. मग समोर ठेवलेल्या चार रिकाम्या मडक्यांकडे बोट केलं. "माझी ही आजची दुसरी खेप."

मी अजून एक मडकं मागितलं.